इंग्रजी शब्दाची फोड कशी करावी: क्रम, पारख आणि नेहमीच्या चुका

'इरिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द समोर आला की बहुतेक जण डावीकडून तुकडे पाडत सुटतात: इर, रिस, पॉन्स, सि, बि... हे उच्चाराचे तुकडे झाले. अर्थ त्यांतल्या एकालाही नाही. हाच शब्द मराठीत 'बेजबाबदारपणा' आहे आणि तो आपण 'बेज-बाब-दा-रप-णा' असा कधीच तोडत नाही. 'बे' नकार सांगतो, 'जबाबदार' हा गाभा, 'पणा' लागल्यावर नाम तयार होतं. इंग्रजी शब्दातही नेमके हेच तीन भाग याच क्रमाने बसलेले आहेत. 'जबाबदार' पुढे 'जबाब' आणि 'दार' असा फुटतो, तसा 'रिस्पॉन्सिबल' हाही 'रिस्पॉन्स' आणि 'इबल' असा फुटतो.

म्हणजे ही कला मराठी वाचकाच्या अंगात आधीपासून आहे. इंग्रजीत ती बिघडते दोन कारणांनी: क्रम चुकतो, आणि पाडलेला तुकडा खरा आहे की नाही हे कोणी तपासत नाही. पुढचे टप्पे या दोन गोष्टींसाठीच आहेत.

## आधीची तयारी

एका वहीत चार रकाने आखा: पूर्ण शब्द, त्याची फोड, भावंडं, शब्दकोशातला अर्थ. 'भावंडं' म्हणजे तोच तुकडा त्याच अर्थाने असलेले दुसरे शब्द, निदान दोन. हा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि सगळी पद्धत उभी आहे ती त्याच्यावरच.

शब्दाची व्युत्पत्ती देणारा इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवा. उपसर्ग-प्रत्ययांच्या दोनशे-दोनशेच्या याद्या पाठ करू नका. नेहमीचे पंधरा-वीस उपसर्ग आणि तितकेच प्रत्यय सुरुवातीला पुरतात. बाकीचे भावंडं शोधताना आपोआप जमा होतात.

सावधान: वहीत इंग्रजी शब्द रोमन लिपीतच लिहा. देवनागरी उच्चार पकडते, आणि इंग्रजी शब्दाचे भाग पुष्कळदा उच्चारात दिसत नाहीत, स्पेलिंगमध्ये दिसतात. 'साइन' असं लिहिलं की त्यातला जी नाहीसा होतो, आणि 'सिग्नल', 'सिग्नेचर' या भावंडांशी असलेलं नातंही त्याच्याबरोबर जातं. या लेखात जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी सांगितली आहेत.

## टप्पा १: शब्द वाक्यात काय काम करतो ते पाहा

सुटा शब्द फोडायला घेऊ नका. 'दे आर बिल्डिंग अ वॉल' यात 'बिल्डिंग' हे क्रियापदाचं रूप आहे; 'अ टॉल बिल्डिंग' यात ते नाम आहे. अक्षरं तीच, शेवटचे आय-एन-जी तेच, पण काम वेगळं. ई-आर चंही तसंच: 'टीचर' मध्ये तो 'करणारा' सांगतो, 'टॉलर' मध्ये 'अधिक' सांगतो, आणि 'कॉर्नर' मध्ये तो प्रत्यय म्हणून उभाच नाही. नाम, क्रियापद, विशेषण की क्रियाविशेषण, एवढं वहीत लिहिलं की पुढे चला.

## टप्पा २: व्याकरणाचे प्रत्यय सगळ्यांत आधी काढा

आजच्या इंग्रजीत निव्वळ व्याकरणासाठी लागणारे प्रत्यय साधारण आठच मोजले जातात: अनेकवचनाचा एस, 'चा-ची-चे' दाखवणारा अपॉस्ट्रॉफी एस, 'ही रन्स' मधला एस, भूतकाळाचा ई-डी, 'टेकन' मधला ई-एन (किंवा त्याच जागेवरचा ई-डी), चालू क्रियेचा आय-एन-जी, तुलनेचे ई-आर आणि ई-एस-टी. यांच्यामुळे नवा शब्द तयार होत नाही, त्याच शब्दाचं रूप बदलतं. हे जवळजवळ नेहमी सगळ्यांत बाहेर, म्हणजे उजव्या टोकाला असतात. म्हणून पहिला हात यांना घालायचा.

कानावर विसंबू नका. 'कॅट्स' मध्ये स ऐकू येतो, 'डॉग्ज' मध्ये झ, 'बसेस' मध्ये इझ. तिन्ही ठिकाणी प्रत्यय एकच. ई-डी सुद्धा 'वॉक्ड' मध्ये ट, 'प्लेड' मध्ये ड आणि 'वॉन्टेड' मध्ये इड असा ऐकू येतो. तीन वेगळे तुकडे समजून तीन नोंदी करणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

तपासा: काढून उरलेला भाग त्याच अर्थाचा शब्द आहे ना? 'लेन्स' मधला एस काढला तर 'लेन' उरतो, त्याचा भिंगाशी संबंध नाही, आणि अनेकवचन 'लेन्सेस' होतं. म्हणजे तो एस मूळ शब्दाचाच. 'हंड्रेड' मधला ई-डी आणि 'सीलिंग' मधला, छताचा, आय-एन-जी असेच सोडून द्या.

## टप्पा ३: उजवीकडून एकेक थर उतरवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

नियम असा: एका वेळी एकच प्रत्यय काढा आणि थांबा. उरलेला भाग एकटा उभा राहणारा शब्द आहे का ते पाहा. मग आणखी एक प्रश्न विचारा: त्या प्रत्ययाला ज्या जातीचा शब्द लागतो, त्याच जातीचा हा आहे का? प्रत्यय कुठेही चिकटत नाहीत. 'नेस' बहुधा विशेषणाला लागून नाम करतो. 'मेंट' क्रियापदाला लागून नाम करतो. 'एबल' बहुतेक वेळा क्रियापदाला लागून विशेषण करतो. 'फुल' नामाला लागून विशेषण करतो. मराठीत 'पणा' जसा 'शहाणा', 'भोळा' यांना लागतो, पण 'धाव' किंवा 'खा' यांना लागत नाही, तसंच हे.

'अनहॅपिनेस' घ्या. 'नेस' काढला की 'अनहॅपी' उरतो. तो शब्द आहे आणि विशेषण आहे, म्हणजे 'नेस'ला चालतो. मग 'अन' काढला की 'हॅपी'. आता उलट क्रम करून पाहा: आधी 'अन' काढला तर 'हॅपिनेस' उरतो. तोही खरा शब्द आहे, म्हणून पुष्कळांना दोन्ही क्रम सारखेच वाटतात. पण नकाराचा 'अन' विशेषणांना लागतो, नामांना सहसा लागत नाही. तेव्हा 'अन' आधी 'हॅपी'ला लागला आणि त्या जोडीला नंतर 'नेस' लागला. क्रम ठरवतो तो हा जातीचा नियम.

'अनबिलीव्हेबल' मध्ये क्रम उलटतो. 'एबल' आधी काढला तर 'अनबिलीव्ह' असं क्रियापद उरतं, आणि तसं क्रियापद नेहमीच्या इंग्रजीत नाही. म्हणजे आधी 'बिलीव्ह' आणि 'एबल' एकत्र आले, मग त्यांच्यापुढे 'अन' लागला. शब्द तेवढाच लांब, उपसर्ग तोच, तरी थर वेगळे. म्हणून 'नेहमी उपसर्ग आधी' किंवा 'नेहमी प्रत्यय आधी' असा सोपा नियम कोणी सांगितला तर तो घेऊ नका. सुरुवात उजवीकडून करा, पण निर्णय उरलेल्या भागावरून घ्या.

कधी कधी दोन्ही क्रम बरोबर असतात आणि अर्थ दोन निघतात. 'अनलॉकेबल' हे याचं सुंदर उदाहरण आहे. 'अनलॉक' अधिक 'एबल' घेतलं तर 'कुलूप उघडता येण्याजोगं'. 'अन' अधिक 'लॉकेबल' घेतलं तर 'कुलूप लावताच न येणारं'. अक्षर एकही बदललं नाही आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला! इथे टप्पा १ कामी येतो: वाक्य पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. 'अन' दोन आहेत. विशेषणापुढचा 'अन' नकार देतो: अनहॅपी, अनफेअर. क्रियापदापुढचा 'अन' केलेली क्रिया उलटी फिरवतो: अनटाय म्हणजे सोडणं, अनपॅक म्हणजे भरलेलं बाहेर काढणं. वहीत या दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

तपासा: प्रत्येक थरानंतर उरलेला शब्द वहीत लिहिलात का? मनातल्या मनात दोन थर एकदम काढले की चूक सापडत नाही.

## टप्पा ४: उपसर्गाला साक्षीदार मागा

'बेजबाबदार' मध्ये 'बे' उपसर्ग आहे, 'बेडूक' मध्ये नाही. हे मराठीत सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र हाच घोटाळा रोज होतो. 'अंकल' मध्ये यू-एन दिसले की नकार, 'रीच' मध्ये आर-ई दिसले की 'पुन्हा', 'मिस्टर' मध्ये एम-आय-एस दिसले की 'चुकीचं'. अक्षरं जुळणं हा पुरावा नव्हे.

कसोटी दोन प्रश्नांची. उपसर्ग काढल्यावर उरलेल्या भागाला काही अर्थ आहे का? आणि तो उपसर्ग तोच अर्थ घेऊन दुसऱ्या दोन शब्दांत भेटतो का? 'रीच' मधून आर-ई काढले तर ए-सी-एच उरतात, काम संपलं. 'युनिट', 'युनियन', 'युनिव्हर्स' यांत यू-एन दिसतात, पण इथला खरा तुकडा यू-एन-आय म्हणजे 'एक'. तिन्ही शब्द एकमेकांची साक्ष देतात.

सावधान: 'इन' सुद्धा दोन आहेत. एक नकाराचा: 'इनॅक्टिव्ह'. दुसरा 'आत, मध्ये' या अर्थाचा: 'इन्स्पेक्ट' मध्ये आत पाहणं आहे, 'इंजेक्ट' मध्ये आत टाकणं. हा भेद जिवावर बेतू शकतो. 'इन्फ्लेमेबल' या शब्दात नकार नाही. त्याचा अर्थ 'सहज पेट घेणारं'. लोक त्याला 'न पेटणारं' समजतात, म्हणून धोक्याच्या सूचनांवर आता 'फ्लेमेबल' लिहिणं पसंत केलं जातं, आणि न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल'.

दिसायला जवळचे उपसर्ग शेजारी-शेजारी लिहून ठेवा: 'अँटी' विरुद्ध आणि 'अँटे' आधी, 'इंटर' दोघांच्या दरम्यान आणि 'इंट्रा' एकाच्या आत, 'हायपर' जास्त आणि 'हायपो' कमी. शेवटच्या जोडीत एवढ्याशा फरकाने रक्तदाब वर जातो किंवा खाली येतो.

## टप्पा ५: सांध्यावरची अक्षरं पूर्ववत करा

मराठीत 'घोडा'ला 'ला' लागताना 'घोड्याला' होतं. जोडताना मूळ शब्द थोडा वाकतो. इंग्रजीतही वाकतो, आणि फोड करताना तो पुन्हा सरळ करावा लागतो.

वाय चा आय होतो: 'हॅपिनेस' मधून 'हॅपी', 'कॅरिड' मधून 'कॅरी'. पण 'कॅरींग' मध्ये वाय तसाच राहतो, कारण इंग्रजी सहसा दोन आय शेजारी येऊ देत नाही.

शेवटचा मुका ई गळतो: 'मेकिंग' मधून 'मेक' करताना तो परत लिहा. 'नोटिसेबल' आणि 'चेंजेबल' मध्ये मात्र तो ठेवलेला असतो, नाहीतर सी चा उच्चार क आणि जी चा ग होईल.

शेवटचं व्यंजन दुप्पट होतं: 'स्टॉप्ड' मध्ये दोन पी, मूळ शब्दात एकच. 'हॉपिंग' मध्ये दोन पी असतील तर मूळ 'हॉप', एकच असेल आणि उच्चार 'होपिंग' असेल तर मूळ 'होप'. लांब शब्दांत आघात पाहा. 'रेफर' मध्ये आघात शेवटी आहे म्हणून 'रेफर्ड' मध्ये आर दोन. 'ऑफर' मध्ये तो सुरुवातीला आहे म्हणून 'ऑफर्ड' मध्ये आर एकच.

उपसर्गांचं वाकणं संधी शिकलेल्याला लगेच समजतं. सत् अधिक जन मिळून सज्जन होतो, जगत् अधिक नाथ मिळून जगन्नाथ. तसाच नकाराचा 'इन' पी, बी, एम यांच्यापुढे 'इम' होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॅच्युअर. एल पुढे तो 'इल' होतो: इल्लीगल. आर पुढे 'इर': इर्रेग्युलर. 'इल' आणि 'इर' असे वेगळे उपसर्ग पाठ करण्याची गरजच नाही, ते 'इन'च आहेत. 'अन' मात्र लिहिताना कधीच वाकत नाही: अनपॉप्युलर, अनलॉफुल, अनरिअल.

आणखी एक ओळखीचा पाहुणा इथे भेटतो. आपण व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन्' लावतो: अयोग्य, पण अनादर. ग्रीकमधून इंग्रजीत आलेला ए किंवा ए-एन हा उपसर्ग नेमका असाच वागतो: 'एटिपिकल', पण 'अॅनार्की'. हे दोन्ही उपसर्ग एकाच प्राचीन मुळाचे आहेत.

## टप्पा ६: उरलेलं मूळ एकटं उभं राहत नसेल तर

'सबमिट', 'परमिट', 'ट्रान्समिट'. उपसर्ग काढले की तिन्हींत 'मिट' उरतो, आणि असा सुटा शब्द या अर्थाने इंग्रजीत नाही. टप्पा ३ चा नियम इथे अडतो आणि लोक गोंधळून फोडच सोडून देतात. सोडू नका. लॅटिनमधून आलेली कितीतरी मुळं एकटी येत नाहीत. 'मिट' म्हणजे पाठवणं, 'रप्ट' म्हणजे तुटणं, 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं, 'जेक्ट' म्हणजे फेकणं.

अशा मुळाची पारख त्याच्या वागणुकीवरून करा. 'मिट'वाल्या क्रियापदांचं नाम करताना टी चे दोन एस होतात: सबमिशन, परमिशन, ट्रान्समिशन, अॅडमिशन. आता 'लिमिट' पाहा. त्याचं नाम 'लिमिशन' होत नाही, 'लिमिटेशन' होतं. म्हणजे शेवटची तीन अक्षरं तीच असली तरी हे मूळ त्या घरातलं नाही. 'रिसीव्ह-रिसेप्शन', 'डिसीव्ह-डिसेप्शन' हे कुटुंब, आणि 'डिस्क्राइब-डिस्क्रिप्शन', 'प्रिस्क्राइब-प्रिस्क्रिप्शन' हे कुटुंब याच पद्धतीने जमवा. मला ही कसोटी सगळ्यांत विश्वासाची वाटते, कारण तिच्यात अर्थाची ओढाताण करावी लागत नाही.

चुकीच्या जागी सांधा दिसण्याचं प्रसिद्ध उदाहरण 'हेलिकॉप्टर'. कानाला तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' वाटतो, आणि त्या चुकीच्या तुकड्यावर 'हेलिपॅड', 'हेलिपोर्ट' असे शब्दही तयार झाले. खरे भाग आहेत 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं, आणि पी-टी-ई-आर म्हणजे पंख.

## टप्पा ७: दोन पूर्ण शब्द जोडलेले असतील तर

हा सोपा प्रकार, आपल्या समासासारखा. मुख्य शब्द उजवीकडे असतो. 'हाउसबोट' ही बोट आहे, 'बोटहाउस' हे घर आहे. 'देवघर' आणि 'घरजावई' यांच्यात हेच होतं. मात्र 'पिकपॉकेट' म्हणजे खिसा नव्हे, खिसा मारणारा माणूस. तिथे मुख्य पद शब्दाच्या बाहेर असतं, बहुव्रीहीसारखं.

## टप्पा ८: अर्थ आतून बाहेर जोडा, मग शब्दकोश उघडा

ज्या क्रमाने थर उतरवले त्याच्या उलट क्रमाने अर्थ चढवा. जबाबदार, मग जबाबदार नसलेला, मग तसं असण्याचा भाव. जो अर्थ निघेल तो पेन्सिलीने लिहा. तो अंदाज आहे. 'इन्व्हॅल्युएबल' मध्ये नकाराचा 'इन' खरोखर आहे, पण अर्थ 'किंमत नसलेलं' असा होत नाही. 'ज्याची किंमत करताच येणार नाही इतकं मोलाचं' असा होतो. आपल्या 'अनमोल'सारखा.

भाग दिसतात पण अर्थ जुळत नाही, असंही होतं. 'अंडरस्टँड' मध्ये 'खाली' आणि 'उभं राहणं' दोन्ही आहेत, पण त्यांची बेरीज 'समजणं' होत नाही. तरी फोड खरी आहे, कारण भूतकाळात 'स्टँड'चं 'स्टुड' होतं तसं याचंही 'अंडरस्टुड' होतं. 'ओव्हरकम'चं 'ओव्हरकेम' होतं, म्हणजे त्यात 'कम' जिवंत आहे. 'वेलकम'चं मात्र 'वेलकम्ड' होतं, म्हणजे आजच्या भाषेला त्यातला 'कम' जाणवत नाही.

सावधान: शब्दकोश आधी उघडून अर्थाला जुळेल अशी फोड मागाहून रचू नका. 'हिस्टरी' म्हणजे 'हिज' अधिक 'स्टोरी', 'फीमेल' म्हणजे 'मेल'च्या आधी काहीतरी, असल्या फोडी अशाच तयार होतात, आणि दोन्ही चूक आहेत.

## टप्पा ९: शब्द पुन्हा बांधा आणि स्पेलिंग पडताळा

फोड बरोबर जमली की स्पेलिंगचे बरेच वाद मिटतात. 'डिस' अधिक 'अपॉइंट': एस एकच. 'डिस' अधिक 'सॅटिस्फाइड': एस दोन. 'मिस' अधिक 'स्पेल': दोन. 'अन' अधिक 'नेसेसरी': एन दोन. 'रे' अधिक 'कमेंड': सी एकच. 'गव्हर्न' अधिक 'मेंट': मधला एन ऐकू येवो न येवो, लिहायचाच. दुप्पट अक्षर कुठे येतं हे घोकत बसण्यापेक्षा सांधा कुठे आहे ते पाहा.

## एक शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत

'मिसइंटरप्रिटेशन्स' घेऊ. वाक्यात तो नाम आहे, अनेकवचनी. एस काढा. 'एशन' काढा: 'मिसइंटरप्रिट' उरतो, क्रियापद आहे, आणि 'एशन'ला क्रियापदच लागतं. 'मिस' काढा: साक्षीदार 'मिसरीड' आणि 'मिसजज', दोन्हींत अर्थ 'चुकीचं'. उरला 'इंटरप्रिट', अर्थ लावणं.

इथे हात शिवशिवतात. 'इंटर' ओळखीचा आहे, काढून टाकावासा वाटतो. मग मागे 'प्रिट' उरेल. त्याची भावंडं शोधा. इंग्रजीत दुसरा एकही नेहमीचा शब्द सापडणार नाही जो हा तुकडा याच अर्थाने वापरतो. तिसरा रकाना रिकामा राहिला, म्हणून फोड 'इंटरप्रिट'वर थांबवा आणि पुढचा शब्द घ्या.